थांबणारी बी, न थांबणारी बी

फणसाची आठळी सुकली की मेली. बाहेरून काही कळत नाही. साल तशीच गुळगुळीत, हातात घेतली तर वजनही ठीकठाक. पण काही आठवडे कोरड्या हवेत पडून राहिली की आतला जीव संपलेला असतो. मग तिला कितीही मऊ माती द्या, कितीही पाणी घाला, ती कुजेल पण रुजणार नाही. उलट राजगिऱ्याची मोहरीहून बारीक बी एखाद्या डबीच्या तळाशी चिकटून वर्षानुवर्षं पडून राहते आणि चुकून ओल मिळाली की तीन-चार दिवसांत वर येते. आठळीजवळ शिदोरी भरपूर, पण धीर नाही. राजगिऱ्याजवळ शिदोरी नावालाच, पण धीर अमाप.

उष्ण प्रदेशातली, पोटात काही सत्त्व घालतील अशी झाडं बियांपासून वाढवायची हौस मला आहे. शिक्षण म्हणाल तर शून्य. वाचत जाते, करून बघते, पुन्हा वाचते. या नादात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली : माती कुठली, खत कुठलं, कुंडी केवढी हे सगळे प्रश्न नंतरचे. पहिला प्रश्न हा, की ही बी थांबणारी आहे की न थांबणारी? याचं उत्तर माहीत नसेल तर बाकीची सगळी तयारी पाण्यात जाते, अगदी शब्दशः.

बागकामाबद्दलचा बराचसा सल्ला थांबणाऱ्या बियांना गृहीत धरून दिलेला असतो. पाकीट आणा, त्यामागची तारीख वाचा, कोरड्या जागी ठेवा, मोसम आला की पेरा. पालेभाज्या, कडधान्यं, टोमॅटो, मिरची यांना हे चालतं. पण दमट उष्ण जंगलांतून आलेल्या झाडांना पाकीट ही कल्पनाच मानवत नाही. त्यांच्या बाबतीत बीचं पाकीट म्हणजे फळ, आणि ते उघडलं की घड्याळ सुरू.

शास्त्रज्ञांमध्ये या फरकाची नीट मांडणी १९७३ मध्ये झाली. ई. एच. रॉबर्ट्स यांनी बियांचे दोन गट पाडले : सुकवणं सोसणाऱ्या आणि न सोसणाऱ्या. पहिल्या गटातली बी सुकवून तिच्यातला ओलावा ५ टक्क्यांच्या आसपास आणला आणि ती थंडीत ठेवली तर अनेक वर्षं, कधी कधी अनेक दशकं टिकते. त्यासाठी एक ढोबळ हिशेबही आहे. ओलावा १ टक्क्याने उतरवला की आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान ५ अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. अर्थात एका मर्यादेपर्यंतच. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ मध्ये सुरू झालेलं जागतिक बीजभांडार याच हिशेबावर चालतं. डोंगराच्या पोटात, उणे १८ अंश सेल्सिअसला, जगभरच्या पिकांच्या बिया तिथे ठेवल्या आहेत. पण त्यात फणस नाही, आंबा नाही, कोको नाही, रामबुतान नाही. यांच्या बिया सुकवल्या की मरतात, आणि न सुकवता गोठवल्या तर आतल्या पाण्याचा बर्फ होऊन पेशी फाटतात. त्यामुळे कोकोचे शेकडो वाण त्रिनिदादमध्ये जिवंत झाडांच्या रूपात सांभाळले जातात आणि नीरफणसाचे हवाईमध्ये. तिथे भांडार म्हणजे बागच. तिला पाणी लागतं, राखण लागते, वादळ आलं तर झाडं पडतात.

हे असं का, याचं उत्तर तसं सरळ आहे. बी थांबते ती वाईट दिवस टळावेत म्हणून. जिथे सहा महिने बर्फ असतो किंवा आठ महिने पाऊस नसतो, तिथे पडल्या पडल्या रुजणं म्हणजे मरण. तिथल्या झाडांनी थांबायची कला कमावली. बारमाही ओल्या जंगलात वाट कशाची बघायची? जमीन कायम ओली, हवा कायम उबदार. उलट थांबलं तर उंदीर-खारी खाणार, बुरशी धरणार. तेव्हा पडा, रुजा, आणि मोठ्या झाडांच्या सावलीत पोटातल्या शिदोरीवर तग धरा. म्हणून अशा बिया सहसा मोठ्या, पिठूळ आणि ओल्या असतात. २०१७ मधल्या एका अंदाजानुसार जगातल्या बीज देणाऱ्या वनस्पतींपैकी सुमारे ८ टक्के वनस्पतींच्या बिया सुकवणं सोसत नाहीत. दमट उष्ण जंगलांत हे प्रमाण दुपटीहून जास्त भरतं.

या अधीरपणाची किंमत साम्राज्यांनाही मोजावी लागली आहे. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या इंग्रजाने ब्राझीलमधून रबराच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. बोटीने नेल्या, घाईने नेल्या, तिथे काचगृहं तयार होती, माळी तयार होते. तरी रुजल्या त्या ४ टक्क्यांच्या आतबाहेर. त्यातून उगवलेली रोपं मग बंद काचेच्या पेट्यांमधून सिलोनला रवाना झाली, कारण एव्हाना सगळ्यांनाच कळलं होतं की असल्या झाडांची बी पाठवण्यापेक्षा रोप पाठवलेलं बरं. रबर काही खायचं झाड नव्हे, पण त्याची बी आणि फणसाची आठळी एकाच स्वभावाच्या.

म्हणून माझा क्रम उलटा असतो. आधी माती, मग फळ. खोल पिशवी किंवा उंच कुंडी भरून, भिजवून, निथळून तयार ठेवायची आणि त्यानंतरच फणस कापायचा. गऱ्यातून काढलेल्या आठळीवरचा बुळबुळीत थर धुऊन टाकायचा, कारण बुरशी पहिल्यांदा तिथेच धरते. मग आडवी ठेवून दोन बोटं माती वर. ताज्या आठळीला ऊब मिळाली तर काही आठवड्यांत जाड, गर्द कोंब वर येतो. त्याआधी कितीतरी दिवस खाली मुळाचं काम चालू असतं, आणि ते मूळ सरळ पाताळाकडे निघालेलं असतं. उथळ ट्रेमध्ये ते तळाला टेकतं, वळतं, गुंडाळी करतं आणि तो वाक झाडाला जन्मभर पुरतो. अती पिकलेल्या फणसात कधी कधी आठळ्या फळाच्या आतच रुजायला लागलेल्या सापडतात. घाई म्हणजे किती!

पपईचा स्वभाव मधला. तिची बी सुकवलेली काही काळ टिकते, पण पक्क्या थांबणाऱ्या बियांसारखी नाही. तिच्याजवळ आणखी एक कुलूप आहे, आणि ते उघड्या डोळ्यांना दिसतं. पिकलेल्या पपईतली एक बी चिमटीत धरून बघा. काळ्या बीभोवती पारदर्शक, पाणीदार पिशवी असते. हलकेच दाबली की ती फुटते आणि आतली बी निसटून लांब उडते. पिशवी गेल्यावर हातात उरतं ते वेगळंच काही. मघाचा काळा तुकतुकीत मणी जाऊन तपकिरी, खरबरीत, उभ्या खाचांचा दाणा. फळाच्या पोटात ऊब असते, ओल असते, म्हणजे रुजायला लागणारं सगळं असतं, तरी बिया तिथे शेकड्यांनी गप्प बसून राहतात. त्याचं एक मोठं कारण ही पिशवी. उगवण रोखून धरणारी द्रव्यं तिच्यात असतात. जंगलात ती धुऊन काढायचं काम पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या पोटात होतं. आपण ते गाळणीत, वाहत्या पाण्याखाली, बोटांनी चोळून करायचं. पिशवीसकट पेरलेल्या बिया उगवतच नाहीत असं नाही, पण एक आज, एक पंधरा दिवसांनी, बाकीच्या कधीतरी, असा कारभार होतो. चोळून, सावलीत सुकवून पेरल्या की बऱ्याचशा एकदम, साधारण दोन ते चार आठवड्यांत वर येतात.

ती सोललेली बी दाताखाली धरली तर मोहरीसारखा झणका लागतो. हा योगायोग नाही. पपई, शेवगा, मोहरी, मुळा, कोबी ही सगळी वनस्पतिशास्त्राच्या वर्गीकरणात एकाच गणातली. त्यातही पपई आणि शेवगा एकमेकांचे अगदी सख्खे शेजारी. एकाचं झाड केळीसारखं पोकळ बुंध्याचं आणि दुसऱ्याचं पिसासारख्या पानांचं, दिसण्यात कुठेही साम्य नाही. पण झणका देणारी रसायनं दोघांकडे एकाच घराण्याची. शेवग्याचं कोवळं रोप उपटलं तर खाली पांढरं, फुगीर, गाजराएवढं मूळ निघतं. ते मोडून वास घ्या, थेट मुळ्याचा येतो. (मूळ खायचा मोह मात्र टाळावा. त्यात विषारी द्रव्यं असतात.)

रानटी पपईची बी थांबते ती एका खास गोष्टीसाठी : उजेडासाठी. जंगलात मोठं झाड कोसळलं की छतात भोक पडतं आणि जमिनीवर थेट ऊन येतं. पपई हे त्या मोकळ्या जागेचं झाड. पानांमधून गाळून आलेला उजेड आणि थेट ऊन यांतला फरक बीला कळतो. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि त्यापलीकडचा अतिलाल प्रकाश खाली जाऊ देतात. बीमधलं एक रंगद्रव्य या दोहोंचं प्रमाण मोजतं. हे मोजमाप कसं चालतं हे अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये लेट्यूसच्या बियांवर दाखवलं गेलं. लाल उजेड दिला की बी उगवते, लगेच अतिलाल दिला की थबकते, पुन्हा लाल दिला की पुन्हा उगवते. जो उजेड शेवटचा, त्याचं बी ऐकते. मला हे वाचल्यापासून बारीक बिया मातीखाली खोल गाडणाऱ्यांचा हात धरावासा वाटतो. बीच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट माती, त्याहून जास्त नको. आणि राजगिरा, माठ यांच्यासारख्या बारीक बियांवर तर नुसती भुरभुरवलेली माती पुरे.

पपईचं आणखी एक प्रकरण आहे, ते म्हणजे नर, मादी आणि उभयलिंगी झाडं. फुलं येईपर्यंत बघून काही कळत नाही. बीच्या रंगावरून, मुळाच्या आकारावरून ओळखायच्या युक्त्या छातीठोकपणे सांगणारे खूप भेटतात. त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्यापेक्षा गणित बरं. उभयलिंगी झाडाच्या फुलात स्वतःच्याच परागाने धरलेल्या फळातल्या बिया घेतल्या, तर उगवणाऱ्या रोपांत उभयलिंगी आणि मादी यांचं प्रमाण साधारण दोनास एक पडतं. एका विशिष्ट जोडीचे गर्भ आतच मरतात, म्हणून ते तीनास एक होत नाही. आता एका खड्ड्यात अशी तीन रोपं लावली तर तिन्ही मादी निघण्याची शक्यता २७ मध्ये १. नर आणि मादी वेगळ्या असणाऱ्या जातीची तीन लावली तर तिन्ही नर निघण्याची शक्यता ८ मध्ये १. म्हणून जाणते लोक एका जागी तीन रोपं लावतात आणि फुलं दिसल्यावर नको ती काढतात. वाढलेलं, पुरुषभर उंचीचं, निरोगी झाड कापणं जिवावर येतं, पण एका खड्ड्यात तिघांना पोसून तिघांनाही उपाशी ठेवण्यात काय भूतदया?

शेवग्याचं बी-प्रकरण तुलनेनं सरळ. तीन कागदी पंखांची हलकी बी, हातात घेतली तर जाणवतही नाही. तिला झोप नसते. कोमट माती मिळाली की आठ-पंधरा दिवसांत वर. मात्र ती फार थांबतही नाही. जुन्या बिया दरवर्षी आपली शक्ती घालवत जातात. त्यामुळे शेंगा झाडावर वाळल्या की त्याच वर्षी पेराव्यात. आणि जिथे कायमची ठेवायची तिथेच पेराव्यात, कारण ते फुगीर मूळ हलवलेलं त्याला आवडत नाही. एवढं सांभाळलं की शेवगा तुमच्या भरवशावर राहत नाही. चांगल्या उन्हात पहिल्याच वर्षी तीन मीटरच्या वर जातो आणि सगळा पाला आपल्या डोक्यावर घेऊन बसतो, जिथे हात पोचत नाही. म्हणून रोप कमरेला लागलं की शेंडा खुडायचा. मग बगलेतून फुटवे येतात. तेही वीतभर झाले की खुडायचे. खायची ती हीच खुडणी.

आता पोषणाबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण शेवग्याच्या पानांवर सध्या इतकं काही लिहिलं जातं की बिचाऱ्या झाडाला लाज वाटावी. अमक्याच्या इतके पट कॅल्शियम, तमक्याच्या इतके पट जीवनसत्त्व. या तुलनांमध्ये बहुतेक वेळा एका बाजूला वाळवलेली भुकटी असते आणि दुसऱ्या बाजूला ताजं, पाण्याने भरलेलं फळ किंवा दूध. ताज्या पानात तीन-चतुर्थांशाहून जास्त पाणीच असतं. ते काढून टाकलं की उरलेलं सगळं आपोआप चौपट दिसतं. मनुका आणि द्राक्षं यांची तुलना करून मनुका श्रेष्ठ ठरवण्यातला हा प्रकार. शिवाय भुकटी खाणार किती? एक चमचा म्हणजे पाचेक ग्रॅम. त्यातून प्रथिनं मिळणार सव्वा ग्रॅमच्या आसपास. आणि वाळवताना क जीवनसत्त्व बऱ्याच प्रमाणात जातं, ते वेगळंच.

एवढी हवा काढल्यावरही जे उरतं ते उत्तमच आहे. ताज्या पाल्यात १०० ग्रॅममागे साधारण ६ ते ९ ग्रॅम प्रथिनं असतात, जे कुठल्याही पाल्यासाठी पुष्कळ झालं. कॅल्शियम आहे, लोह आहे, अ जीवनसत्त्व ज्यापासून बनतं ते कॅरोटीन आहे. फक्त या गोष्टी पानात असणं आणि अंगी लागणं यांत अंतर आहे. कॅरोटीन तेलात विरघळतं, तेव्हा सोबत थोडी चरबी हवी. पाल्यातलं लोह शरीर सहज घेत नाही. सोबत क जीवनसत्त्वाचं काही आंबट असेल तर जास्त घेतं. राजगिरा-माठाच्या पानांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. घरच्या झाडाचा खरा फायदा कुठल्या आकड्यात शोधायचाच असेल तर तो वेळेत शोधावा. पान खुडल्यापासून त्यातलं क जीवनसत्त्व घटायला लागतं, आणि कुंडीपासून चुलीपर्यंतचं अंतर चार पावलांचं असतं. तेवढं पुरे आहे. त्याला चमत्काराचं नाव द्यायची गरज नाही.

असाच गाजावाजा एकेकाळी चौधारी घेवड्याचाही झाला होता. चार कडांना झालरी असलेल्या शेंगांचा वेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९७५ मध्ये त्याच्यावर अहवाल काढला. उष्ण प्रदेशाची प्रथिनांची ददात मिटवणारं पीक म्हणून त्याच्याकडे पाहिलं गेलं. कारणही तसंच होतं. कोवळ्या शेंगा खाता येतात, पानं खाता येतात, फुलं खाता येतात, मुळाशी गाठी धरतात त्या खाता येतात, आणि वाळलेल्या दाण्यातली प्रथिनं सोयाबीनच्या तोडीची. पण शेतात तो फार पसरला नाही. वेलाला मांडव लागतो, शेंगा एकदम तयार होत नाहीत, वाळलेले दाणे शिजायला वेळ घेतात आणि ते नीट शिजवावेच लागतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे सगळे दोषच. पण हौशी माणसाच्या दृष्टीने? मांडव ही तर हौसच आहे. आणि शेंगा थोड्या थोड्या, कित्येक आठवडे मिळत राहणं यासारखं सुख नाही. शेतात नापास झालेलं बरंच काही बाल्कनीत पहिल्या नंबरात पास होतं, हे माझं लाडकं मत आहे.

चौधारीची बी थांबणाऱ्यांतली, आणि तीही हट्टाने. बाहेरचं कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरतच नाही. यावर उपाय म्हणजे नखं घासायची कानस. बीवर एका बाजूला पांढरा छोटा डाग असतो, तिथून ती शेंगेला जोडलेली होती. त्याच्या विरुद्ध बाजूला दोन-चार वेळा कानस फिरवायची, आतला फिका रंग जेमतेम दिसेपर्यंत. जास्त नको, आत जीव आहे. मग पाण्यात. रात्री घासलेल्या आणि न घासलेल्या बिया एकाच वाटीत भिजत घाला. सकाळी घासलेल्या टरटरून फुगून, साल सैल होऊन, दुप्पट झालेल्या असतात आणि न घासलेल्यांतल्या कित्येक तशाच चकचकीत, जणू पाणी त्यांच्या गावीच नाही. पाणी मात्र कोमट घ्यावं. उष्ण प्रदेशातल्या शेंगवर्गीय बिया पहिला घोट गार पाण्याचा घेतात तेव्हा त्यांच्या पेशींची आवरणं दुखावतात आणि बी उगवायच्या आधीच अधू होते.

आणि एवढं करून वेल मांडवभर झाला तरी तो आपल्या वेळेचा पक्का. दिवस साधारण १२ तासांवर किंवा त्याखाली आल्याशिवाय बहुतेक वाणांना फुलं येत नाहीत. विषुववृत्ताच्या जवळ हा प्रश्न पडत नाही. तिथून जसजसं उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकावं तसतसा उन्हाळ्यातला दिवस लांबत जातो आणि वेल नुसता पाला वाढवत बसतो. लोक खत घालतात, पाणी तोडतात, काय काय करतात. तो दिवस मोजतोय, त्याला तुमच्या खताशी देणंघेणं नाही. नत्र तर तो स्वतःच मिळवतो. चौधारी किंवा चवळीचं एखादं रोप काढावं लागलं तर ते फेकण्याआधी मुळं हलक्या हाताने धुऊन पाहावीत. त्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी असतात. एक गाठ नखाने चिरायची. आत गुलाबी-तांबडा रंग दिसला तर आतले जिवाणू हवेतलं नत्र बांधायच्या कामावर आहेत असं समजायचं. तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातल्या एका प्रथिनाचा असतो. पांढरी किंवा हिरवट निघाली तर गाठ अजून कच्ची आहे, नाहीतर काम संपवून बसली आहे.

ऊब हा शब्द मी मघापासून सहज वापरते आहे, पण रोपं जगण्या-मरण्याचं बरंचसं तिथेच ठरतं. या बहुतेक बियांना माती २५ ते ३० अंश लागते. माती, हवा नव्हे. ओली माती हवेपेक्षा थंड असते, आणि ती १८-२० अंशांच्या खाली गेली की बी रुजायच्या ऐवजी सडते. मग उगवलेली रोपं एका रात्रीत बुंध्याशी बारीक होऊन आडवी पडतात. हा मर रोग. मातीतल्या बुरशीचं काम. त्यावर औषधं आहेत, पण माझ्या मते खरं औषध म्हणजे झारी ठेवून देणं. वरची माती किंचित सुकू द्यावी, वरून भरड वाळूचा पातळ थर द्यावा, हवा खेळती ठेवावी. प्रेमाने पाणी घालणाऱ्या माणसांनी जेवढी रोपं मारली असतील तेवढी विसरभोळ्यांनी नसतील.

जाता जाता एक : नावाच्या पट्ट्या पेन्सिलीने लिहाव्यात. मार्करची शाई उन्हात उडते, पेन्सिलीचं शिसं राहतं. उगवायला महिना घेणाऱ्या बियांच्या तीन कुंड्या एका रांगेत, तिन्हींवर कोऱ्या पट्ट्या, आणि तिन्हींत एकाच वेळी हिरवा ठिपका, हा प्रसंग कुणावर येऊ नये.

आंब्याची कोय न थांबणाऱ्यांतलीच. पण तिच्यात एक निराळीच गंमत आहे, तिच्यामुळे मी सध्या अडकले आहे. कोय कडेने जपून उघडली की आत पातळ सालीचा मगज असतो. तो काढून पेरला तर लवकर रुजतो. काही वाणांच्या मगजातून एकच रोप येतं, आई-बाप दोघांचं मिश्रण. भारतीय वाण बहुतेक असे. आग्नेय आशियातल्या कित्येक वाणांत मात्र एकाच कोयीतून तीन, चार, पाच रोपं येतात. त्यांतली बहुतेक बीच्या आतल्या आईच्याच ऊतीपासून तयार झालेली, म्हणजे आईच्या तंतोतंत प्रती असतात. परागातून आलेलं खरं मूल असलंच तर त्यांच्यात एखादं, आणि ते बहुधा गर्दीत मागे पडलेलं, सगळ्यांत किरकोळ असतं. नेहमीच नाही, पण बहुधा.

विरळणीचा जगभरचा नियम सांगतो, सगळ्यांत जोमदार ते ठेवा, बाकीची काढा. अशा आंब्याच्या बाबतीत हा नियम शहाणपणाचाच आहे. जोमदार रोप आईसारखं फळ देईल, ज्या फळासाठी कोय पेरली तेच. किरकोळ रोप कसलं फळ देईल हे कुणालाच सांगता येणार नाही. आंबट, रेषाळ, किंवा आजवर कुणी न चाखलेलं काहीतरी. बियांपासून केलेल्या आंब्याला फळ धरायला पाच-सात वर्षं सहज लागतात, माझ्या कोयीतल्या अशा दोन रोपांना तेवढी जागा देणं मला परवडणारं नाही, आणि निर्णय या मोसमातच करायचा आहे. तूर्त मी मुळं सोडवून दोघांना वेगळ्या कुंड्यांत लावलं आहे आणि चांगल्या उन्हाची जागा किरकोळ रोपाला दिली आहे. जोमदार काय, सावलीतही वाढेल.